इनोबत आपाच्या अंगणातलं सोलर

आमच्या मोहल्ल्यात कुणी घरी सोलर बसवायचं ठरवलं की आधी उस्ता, म्हणजे कारागीर येतो, मग चहा येतो आणि मग इनोबत आपा येते. तिला कुणी बोलावत नाही आणि ती बोलावण्याची वाटही बघत नाही. लोखंडी खांबांची गाडी गल्लीत वळली की ती डोक्याचा रुमाल नीट बांधते, नानची जोडी फडक्यात गुंडाळते आणि त्या घरी जाऊन ठाण मांडते. उस्ता छत ठोकून बघतो ते बघते. शेजारच्या अक्रोडाची सावली दुपारी कुठवर येते ते बघते. पॅनेलवरची धूळ कोण पुसणार, शिडी कोण चढणार, हे घरच्या सुनेकडून वदवून घेते. आणि सगळं झालं की एकच प्रश्न टाकते.

"लाइट गेल्यावर काय?"

घरधनी उत्तर द्यायला तोंड उघडतो. त्याला ती हातानंच थांबवते. "तू गप्प रे. मी उस्ताला विचारलंय. आणि तो सांगेल ते तुझ्या बायकोनं इथं बसून ऐकायचं. चहा नंतर कर गं, आधी बस."

मोहल्ल्यात नव्यानं राहायला आलेले लोक हसतात, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणतात. जुने हसत नाहीत. त्यांनी जानेवारीतली ती दुपार पाहिली आहे.

इनोबत या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा सोतिबोल्दी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होता. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली. म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला उंबऱ्यावरून शेजारणीला विकलं आणि मूठभर कोंड्यावर परत विकत घेतलं. मरणाला चकवायचं, दुसरं काय. नावही त्यावरूनच पडलं, सोतिबोल्दी म्हणजे विकत घेतलेला. पुढे सगळ्यांचे सोतिबोल्दी अका, म्हणजे थोरले भाऊ झाल्यावरही ते हे प्रत्येक पाहुण्याला सांगत. "मी एकदा विकलेला माल आहे. आता वरचाही मला घ्यायला कचरतो."

जिनातून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. त्यांची एकुलती एक मुलगी नाझोकत लहानपणी विचारायची, बाबा, तिकडे बर्फ पडला का? मग अका हौदावर तोंड धुवायचे, बर्फ वितळायचा आणि पोरगी टाळ्या वाजवायची. भुवयांवरचा कापूस असा रोज धुतला गेला. छातीतला तसाच राहिला.

नाझोकत दूर नमनगान शहरात दिली. आमच्याकडे आईबाप मुलीच्या घरी पाहुणे म्हणून जातात, राहायला जात नाहीत. गेलेच तर जावई तोंडानं काही बोलत नाही, पण त्याची आई चहाच्या पेल्यात किती चहा ओतते त्यावरून सगळं कळतं. मुलगा नसलेल्या बाईनं म्हातारपणी कुणाच्या दारात बसायचं, हे मोठ्यानं कुणी विचारत नाही. अका ते मनातल्या मनात विचारत होते. आम्हाला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

इनोबत बालवाडीत स्वैपाकीण होती. मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांनी तिच्या हातची खिमट खाल्ली आहे, म्हणून आजही दाढीमिशीवाल्या पुरुषांना ती "तू गप्प रे" म्हणू शकते. अकांचा दम वाढत गेला तशी ती नोकरी सोडून घरी बसली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधानं भागायचं नाही, ऑक्सिजनचं मशीन लागेल. ते जावयानं आणून दिलं. नाकात नळी घालून अका घरभर फिरत. नळी दाराच्या फटीत अडकली की ओरडत, "अगं, माझी दोरी सोडव! तुझी बकरी अडकली!"

मशीन लाइटवर चालणारं, आणि हिवाळ्यात लाइटचा भरवसा नाही. लाइट गेली की इनोबत दवाखान्यातून भरून आणलेली ऑक्सिजनची रबरी उशी त्यांच्या तोंडाशी धरायची आणि मग अंगणात जाऊन जनरेटरची दोरी ओढत बसायची. तोही जावयानंच दिलेला. एका ओढीत सुरू झाला तर नशीब. दर हिवाळ्यात तिचा उजवा खांदा सुजायचा. त्यात पेट्रोल मिळेना. तेव्हा गल्लीत दोन-चार घरांवर सोलर चढलं होतं आणि टीव्हीवरही रोज तेच चाललं होतं. एका सकाळी तिनं जाहीर केलं, "आपणही लावायचं. सूर्य आपल्या अंगणात फुकट पडून असतो. त्याला कामाला लावू."

 अका म्हणाले, "लावू की."

पलीकडच्या गल्लीतल्या तोलिब उस्ताला बोलावलं. तोलिब तिशीतला, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. तो छतावर चढला, दोन पावलं चालला आणि तसाच मागे फिरला. खाली येऊन म्हणाला, "आपा, आतले वासे पोपलरच्या लाकडाचे, वर माती, वर सिमेंटचे पत्रे. हे छत तुमच्यावर पडत नाही हेच उपकार समजा. याच्यावर मी काही ठेवणार नाही. अंगणात खांब पुरून वर चौकट करू."

"कर की. जागा आहे."

"जागा आहे, पण ऊन नाही. दक्षिणेला तुमचा वेल आहे."

वेल म्हणजे द्राक्षाचा. लांबट हुसैनी द्राक्षांचा, नाझोकतच्या जन्माच्या वर्षी अकांनी लावलेला. अर्धं अंगण त्याच्या मांडवाखाली होतं, तिथंच बाज टाकलेली असायची. तिथंच जेवण, तिथंच झोप, नाझोकतचं लग्नही तिथंच ठरलं. इनोबतनं अकांकडे बघितलं. त्यांनी बाजेवरूनच वेलाच्या बुंध्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "तोडा. ह्याचं झालं आता."

वेल तोडला त्या दिवशी इनोबत मागच्या खोलीत जाऊन रडली. तिला वाटलं अकांनी तिच्यासाठी वेल दिला. खरं तर तसंच होतं, पण किती दिला ते तिला कळलं नव्हतं.

खांब आले आणि तोलिब यायचा थांबला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. इनोबतनं निरोपावर निरोप धाडले. "त्याला म्हणावं, खांबांना पाणी घालून वाढणार नाहीत ते!" तिसऱ्या दिवशी अका म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. रबरी उशी काखेत मारून ते एकटेच काठी टेकत गेले. परत आले ते घामाघूम आणि ओठ निळे. तिनं कान उपटले, त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोलिब कामावर हजर होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, पण कारागिरांची तोंडं कोण बघतं.

काम पुरं होत आलं त्या दिवशी तिनं पुलाव केला. तोलिबच्या हातात चहाचा पेला देताना सहज विचारलं, "उस्ता बेटा, आता गल्लीतली लाइट गेली तरी आमचं चालू राहील ना? ह्यांचं मशीन आहे म्हणून विचारते."

तोलिबनं तोंड उघडलं. त्याआधीच बाजेवरून अका गरजले, "राहील! न राहायला काय झालं? सूर्य काय लाइटच्या खात्यात नोकरीला आहे?"

सगळे हसले. तोलिबनं पेल्यात मान घातली आणि चहा संपल्यावरही बराच वेळ पेल्यात बघत राहिला. लाजाळू पोरगा, असं म्हणून इनोबतनं त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा टाकला.

त्या संध्याकाळी नव्या चौकटीखाली दोघं बसले होते. वेलाच्या सावलीच्या जागी आता पॅनेलची सावली होती, सरळ आणि बिनपानांची. अका म्हणाले, "अगं, ऐक. माझ्यावर राजी हो."

आमच्याकडे जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला हे विचारतो. राजी आहे म्हटलं की दोघांमधलं सगळं मिटलं, दुखवलेलं आणि राहून गेलेलं. न म्हणता माणूस गेला तर ते ओझं दोघांच्याही मानेवर बसतं.

"कुठं निघालात? हजला?" इनोबत म्हणाली.

"सहज गं. माणसानं वेळेवर विचारून ठेवावं."

"मी नाही राजी होणार, जा. बायको राजी नसली की माणसाला जाता येत नाही. बसा असेच लोंबकळत."

"फार पक्की आहेस."

"तुमच्याच हाताखाली शिकले."

अका हसले, हसता हसता खोकले, आणि विषय तिथंच राहिला.

थंडीच्या सुरुवातीला नाझोकत बाळंत झाली. नमनगानलाही लाइट जातच होती आणि तान्ह्या बाळाची खोली गार पडत होती. इनोबत म्हणाली, आपल्याला आता जनरेटर कशाला? सोलर आहे की, रात्रीपुरती उशी आहेच. जावयाचाच आहे, त्यालाच परत देऊ, पोरीला कामाला येईल. जावई न्यायला आला. त्यानं जनरेटर गाडीत चढवला तेव्हा अका दारात नळी घालून उभे होते.  तिनं विचारलं, "देऊ ना?" तेव्हा भानावर आल्यासारखे म्हणाले, "दे, दे. बाळ गारठेल."

त्यानंतर एक-दोनदा रात्रीची लाइट गेली. मशीन बंद पडलं. रात्री सूर्य कुठला, असं म्हणून इनोबतनं उशी काढली आणि तासाभरात लाइट आलीही. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग तो जानेवारी आला. असली थंडी आमच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती. नळ फुटले, गॅसची ज्योत बोटभर झाली, आणि बर्फ पडून गेल्यावर वर लखलखीत ऊन. त्या सकाळी इनोबत शिडीवर चढली आणि केरसुणीनं पॅनेलवरचा बर्फ झाडून काढला. म्हातारी शिडीवर बघून शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, तर ही म्हणते, "खायला घालावं लागतं बाई त्याला, तेव्हा ते आपल्याला घालतं!"

दुपारी ती अंगणात तंदूर पेटवून नान लावत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा जनरेटर धडधडायला लागला. म्हणजे लाइट गेली. "गेली का गं तुमची?" तिनं आवाज दिला. "आमचं चालू आहे हो, सूर्याचं!" आणि तिनं उरलेले नान सावकाश, नीट, कडा दाबून लावले. हे सावकाशपण तिनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

नानची पाटी घेऊन ती आत गेली तेव्हा मशीन बारीक आवाजात टीटी करत होतं आणि त्याचा हिरवा दिवा गेला होता. अकांनी आपल्या हातानं उशी तोंडाशी धरली होती. ती अर्धी चपटी झाली होती. इनोबत भिंतीवरच्या सोलरच्या पेटीकडे धावली. तिच्यावर लाल दिवा. बटण खाली-वर केलं, लालच. ती बाहेर आली. प्रत्येक पॅनेलवर ऊन पडलं होतं. तिनं सकाळी झाडलेलं, स्वच्छ, एक डाग नाही.

तिच्या मनानं एकच घेतलं, पेटी बिघडली. उस्ता येईल, एक बटण दाबेल. फोन लावला तर फोनही मेलेला, टॉवरची लाइट गेली होती. अकांच्या हातात उशी घट्ट देऊन ती म्हणाली, "आले हं, आत्ता आले." त्यांनी उशी बाजूला करून काहीतरी म्हणायला बघितलं. "बोलू नका, दम जाईल," म्हणून ती धावली, बर्फातून, घरातल्या चपलांनी. तोलिब त्याच्या घरी नव्हता, कालव्यापलीकडे कुणाकडे कामाला गेला होता. तिथवर गेली. शेजाऱ्याचा जनरेटर तिच्याच भिंतीपलीकडे धडधडत होता आणि ती गल्ल्यांमधून उस्ताला शोधत फिरत होती.

तोलिबनं ऐकलं मात्र, हत्यारं तिथंच टाकून तो पळाला. तो तिच्या घरात शिरला नाही, थेट शेजाऱ्याकडे गेला. चालू जनरेटर उचलून आणायचा म्हणजे बंद करावा लागला, आणि बंद केलेला त्या थंडीत पुन्हा सुरू होईना. तोलिब दोरी ओढत राहिला, हाताची सालटं निघाली तरी ओढत राहिला. शेवटी तो लागला. मशीनचा हिरवा दिवा आला, नळीतून हवा सुसू करू लागली. ती हवा घ्यायला कुणी उरलं नव्हतं. उशी अकांच्या छातीवर पडली होती, पूर्ण चपटी.

आमच्याकडे माणूस गेला की बाई घरात आल्या-गेलेल्यांचं बघते आणि पुरुष फाटकात उभे राहतात, अंगात झगा आणि कमरेला रुमाल बांधून. जवळचे पुरुष, मुलगे, भाऊ. अकांना मुलगा नव्हता. जावई नमनगानहून निघाला होता, रस्ते बर्फानं बंद. तेव्हा झगा घालून आणि कमरेला रुमाल बांधून फाटकात उभा राहिला तोलिब. कुणी सांगितलं नव्हतं.

इनोबतनं खिडकीतून ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे बाई अशा वेळी फाटकात जात नाही. ती गेली. मोहल्ल्याच्या सगळ्या पुरुषांसमोर म्हणाली, "कुणाच्या घरचा म्हणून उभा आहेस रे? रुमाल सोड तो. तू मारलंस त्यांना. मी तुझा पुलाव केला, तुझ्या ताटात मटण वाढलं, आणि तू मला नुसती काच लावून गेलास. मी तुझ्यावर राजी नाही. इथं नाही आणि वर गेल्यावरही नाही."

तोलिबनं मान खाली घातली. त्यानं रुमाल सोडला नाही आणि मय्यत उठेपर्यंत तो तिथून हललाही नाही. आत बायकांमध्ये कुराण पढणाऱ्या आजींनी इनोबतला विचारलं, "नवऱ्यावर राजी आहेस ना, बाई?"  अंगणात तिनंच म्हटलं होतं, राजी नसले की जाता येत नाही. ते गेले होते. आता काय म्हणायचं ते तिला सुचेना, आणि मय्यत उठली.

त्यानंतर तोलिबला काम मिळेना. फाटकातलं बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. ठरलेली घरं फिरली, लोक कोकंदहून दुसरे उस्ता आणू लागले. तोलिब बाजारात पोती उचलताना दिसायला लागला. खरं सांगायचं तर आम्हालाही ते योग्यच वाटलं. माणूस मेलाय, कुणाला तरी भोगायला नको?

झाडांना कळ्या आल्या तेव्हा एका सकाळी तोलिबची बायको झमीरा इनोबतच्या फाटकात उभी राहिली. हातात काही नाही, रिकाम्या हातानं आली होती, म्हणजे पाहुणी म्हणून आली नव्हती.

"आपा, सलाम. मी भांडायला आलेय, आधीच सांगते."

"भांड," इनोबत म्हणाली. "मला दुसरं काम काय आहे?"

"माझ्या नवऱ्यानं मला बोलायची बंदी केलीय. पण पोरांच्या ताटात आता काही पडत नाही, म्हणून बोलते. तुमच्या ह्या पेटीला बॅटरी नाही. बाहेरची लाइट गेली की ती आपोआप झोपते. तारेवर कुणी दुरुस्तीला चढलेला असेल तर त्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी असती तर जागी राहिली असती. हे माझ्या नवऱ्यानं अकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाला, घरात मशीन आहे, बॅटरीशिवाय मी खड्डा खणणार नाही."

इनोबतनं मान वळवून चौकटीवरच्या पॅनेलकडे बघितलं.

"अका म्हणाले, बॅटरीचे पैसे आणखी पॅनेलमध्ये घाल. जितकी पॅनेल जास्त तितकी लाइट बाहेर विकली जाईल, तितके पैसे महिन्याच्या महिन्याला तिच्या कार्डावर पडतील. बॅटरी माझ्यापुरती आहे, म्हणाले, आणि मी किती दिवसांचा? पॅनेल तिला पुरतील. तिला जावयाच्या दारात बसायला लागू नये."

"आणि तुझ्या नवऱ्यानं ऐकलं?"

"नाही ऐकलं! कामावर यायचा थांबला होता, आठवत नाही तुम्हाला? तुम्हीच निरोप धाडत होता, खांबांना पाणी घालू का म्हणून! मग अका स्वतः आमच्या दारात आले, ती उशी घेऊन. उंबऱ्यावर बसले. धाप थांबेना. म्हणाले, लाइट जाते ती तासभर, तेवढं उशीवर निभतं, तू लाव. आणि तिला सांगणार नाहीस अशी शपथ घे. आता तुम्हीच सांगा आपा, उंबऱ्यावर बापाच्या वयाचा माणूस असा बसलेला, त्याला काय म्हणायचं?"

"मग फाटकात का नाही बोलला? सगळ्यांसमोर मी त्याला..."

"मय्यत अंगणात असताना?" झमीराचा आवाज चढला. "गेलेल्याच्या बायकोला सांगायचं की तुझ्या नवऱ्यानंच असं करायला लावलं? आमच्या घरात हे शिकवत नाहीत." आणि एवढं बोलून तीच रडायला लागली. इनोबत तिला आत घेऊन गेली आणि पोटभर जेवू घालून, पोरांसाठी डबा भरून परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी नानची जोडी फडक्यात बांधून ती तोलिबकडे गेली. तो दारात आला, तिला बघून घाबरला. "बेटा," ती म्हणाली, "मी जे बोलले ते परत घ्यायला आले. माझ्यावर राजी हो."

"मी तेव्हाच राजी होतो, आपा. पण माझंही चुकलं. मी ऐकायला नको होतं त्यांचं."  मग म्हणाला, "बॅटरी लावून देतो. मजुरी नको."

"आता कुणासाठी?" इनोबत म्हणाली.

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या ईदला सगळा मोहल्ला त्या घरी येतो. त्या ईदला इनोबतनं तोलिबला फाटकात उभं केलं, अकांचा झगा त्याच्या अंगावर घातला, आणि जितक्या लोकांसमोर शाप दिला होता तितक्यांसमोर सांगितलं, "ह्याचा दोष नाही. मी नीट विचारलं नाही. विचारलं एकाला आणि उत्तर घेतलं दुसऱ्याचं." लोकांनी माना हलवल्या. तोलिबला कामं मिळायला लागली. आणि त्याच्या प्रत्येक नव्या कामावर ही जाऊन बसायला लागली.

पण नवऱ्यावर ती राजी झाली नाही. महिन्याला फोनवर पैसे आल्याचा आवाज होई, तेव्हा ती चौकटीखालच्या रिकाम्या बाजेकडे बघून म्हणे, "आले तुमचे पैसे. घाला चुलीत." त्यातलं काही ती खर्चत नसे. तिला राग होता, आणि तो खरा होता. आपल्या श्वासाचा सौदा तिला न सांगता करणाऱ्या माणसावर कुठली बायको राजी होईल?

शरद ऋतूत नाझोकत आली, बाळाला घेऊन. दोन दिवस राहिली, आवरसावर केली, आणि निघायच्या सकाळी म्हणाली, "आई, चल आता माझ्याकडे. हिवाळा येतोय. एकटी किती दिवस राहशील? सासूबाई काही म्हणत नाहीत."

"काही म्हणत नाहीत?"

"नाही." नाझोकतनं बाळाची टोपी सारखी केली. ती सारखीच होती. "म्हणजे... काही नाही म्हणत गं."

इनोबतनं लेकीकडे बघितलं. लेकीचा चेहरा बापासारखा, काही लपवलं की भुवया वर जाणारा. नमनगानचं ते स्वैपाकघर तिला दिसलं, ओट्याच्या कडेला बसलेली ती स्वतः दिसली, आणि काठोकाठ भरलेला पेला दिसला. आमच्याकडे पेला काठोकाठ भरला की पाहुण्यानं उठायचं असतं.

"मी नाही येत," ती म्हणाली. "माझं घर मला पोसतंय. लागलं तर तूच ये." आणि इतके महिने न खर्चलेल्या पैशांतून तिनं नातवाच्या अंगरख्यात एक जाड घडी कोंबली. नाझोकतच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. ते आईला दिसलं, आणि लागलं.

गाडी गल्लीबाहेर गेली. इनोबत बादली आणि फडकं घेऊन शिडीवर चढली. उन्हाळ्याची धूळ बसली होती, ती तिनं एकेका पॅनेलवरून पुसून काढली. मग खाली येऊन बाजेवर बसली, अकांच्या बाजूला जागा ठेवून, जशी नेहमी बसायची.

"राजी आहे हो मी," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकलंत का? राजी आहे."

 भिंतीपलीकडे कुणीतरी पाणी ओतत होतं.

"पण विचारायचं होतंत मला. जावयाच्या दारात राहिले असते मी. तुम्हाला घेऊन."